बारा वर्षांचा कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी होतं, इथे कामापुरतं देतो.

“दादा, आमच्याकडे २०१४ च्या दिवाळीत असेम्बल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे. बिलावर आय-थ्री ४१३०, एच ८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क असं लिहिलं आहे. विंडोज १० आहे. मी घरूनच मराठी टायपिंगची कामं घेते. प्रबंध, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, सगळं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये. त्याचं यूएसबीचं लॉक आहे, ते लावल्याशिवाय तो चालत नाही. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००. यजमानांचं पेन्शनचं आणि बँकेचं कामही याच मशीनवर. आता तो सुरू व्हायलाच दहा-बारा मिनिटं घेतो. बटण दाबून मी कुकर लावून येते, तीन शिट्ट्या होतात तरी ते चक्र आपलं फिरूनच राहिलं असते. सकाळी तारीख २०१३ ची दाखवतो आणि बँकेची साइट उघडत नाही. उन्हाळा लागल्यापासून दुपारी आपोआप बंद पडतो. सीताबर्डीच्या बाजारात दाखवला तर दुकानदार म्हणाले, ‘मॅडम, हा डबा झाला जी. विंडोज ११ यावर येतच नाही. भंगारात द्या.’ आणि ४२ हजारांचं कोटेशन हातात दिलं. पुण्याचा मुलगा म्हणतो, ‘आई, विंडोजच्या जागी लिनक्स टाक, फुकट आहे.’ हे म्हणतात, मोबाईलवर सगळं होतं, कशाला पाहिजे तो डबा. मी कोणाचं ऐकू?”

ताई, आधी एक सांगा. रात्री झोपताना तुम्ही भिंतीवरचं बटणही बंद करता ना? करतच असाल. आपल्याकडे ते वळणच आहे, आणि चांगलं आहे. पण तुमच्या २०१३ सालाचं कोडं त्याच बटणात आहे.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असं कोरलेलं असतं. कॉम्प्युटरची वीज पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. बारा वर्षांत तो संपला आहे. भिंतीवरचं बटण चालू असलं की मशीन बंद असूनही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते, म्हणून घड्याळ टिकतं. बटण बंद केलं की घड्याळाचा आधार गेला आणि सकाळी तुम्ही थेट २०१३ मध्ये. आता बँकेचं. बँकेच्या साइटकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं असतं. तुमचा ब्राउझर घड्याळात २०१३ बघतो आणि म्हणतो, हे प्रमाणपत्र तर अजून सुरूच झालेलं नाही, मी नाही उघडत. व्हायरस नाही, बँकेचा दोष नाही आणि कॉम्प्युटर ‘डबा’ झाला असाही त्याचा अर्थ नाही. पन्नासेक रुपयांचा सेल आहे. वायर काढा, झाकण उघडा, सेलच्या कडेची छोटी पत्री नखाने बाजूला सारा, तो टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. मग एकदा तारीख लावून घ्या.

ही गोष्ट मी मुद्दाम पहिली सांगतोय. तुमच्या पत्रात तीन दुखणी आहेत, तिन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि दुकानदारांनी तिन्हींवर मिळून एकच औषध लिहून दिलं आहे, ४२ हजारांचं. ते लबाड आहेत असं मी म्हणत नाही. जुनं मशीन उघडून तासभर घालवण्यात त्यांना काही सुटत नाही, नवं विकण्यात सुटतं. आपण मात्र एकेक दुखणं वेगळं करून बघू.

दुपारचं बंद पडणं. तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैजेवर सांगतो, कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे आणि खिडकीतल्या कूलरची हवा थेट त्याच्यावर येते. नागपुरात दुसरीकडे ठेवणार तरी कुठे? पण कूलरची हवा दमट असते. घरातली धूळ कोरडी असती तर उडून गेली असती, ती ओलसर होऊन पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसते, आणि दोन उन्हाळ्यांत तिथे राखाडी नमदा तयार होतो. मी गेल्या वर्षी शेजाऱ्यांचा असाच एक उघडला, तर पंख्याखालून पोळीसारखा एक थर अख्खा सोलून निघाला. त्याखालून हवा जाणार कशी? प्रोसेसर तापतो, आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला मशीनच बंद करतो. बाहेर पारा ४५ च्या वर गेलेला असला की हे दुपारी होणारच.

खात्री करायची असेल तर बंद पडल्यावर लगेच सुरू करून बघा. थोड्या वेळात पुन्हा बंद पडत असेल आणि अर्धा तास निवू दिल्यावर नीट चालत असेल, तर उष्णता. ट्यूबलाइट लुकलुकते, पंखा मंदावतो आणि त्याच क्षणी कॉम्प्युटर जातो, असं असेल तर विजेचा दाब. मग यूपीएसची बॅटरी तपासा, तीही बहुधा कधीची गेलेली असेल.

सफाई घरी करता येते. अंगणात किंवा गच्चीवर न्या, रंगाचा मऊ ब्रश घ्या, ब्लोअर असेल तर मारा, पण मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवरचा पंखा काढून खालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलणं मात्र मेकॅनिकला करू द्या. बारा वर्षांत ती खडूसारखी झाली असेल. इंटेलच्या त्या पंख्याला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात, आणि चारपैकी एखादी नीट न बसल्याने पंखा एका बाजूला उचललेला, हे इतक्या वेळा पाहिलं आहे की परत बसवल्यावर चारही खुंट्यांवर बोट ठेवून बघा. एकही हलता कामा नये. आणि मृग लागेपर्यंत तरी टेबल कूलरच्या झोतातून बाजूला करा. खोलीतच राहू द्या, झोतात नको.

आता मुख्य दुखणं, तीन शिट्ट्यांचं.

कॉम्प्युटर सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि फक्त दोन ओळींकडे बघा, मेमरी आणि डिस्क. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, बहुतेक वेळ २०-३० टक्क्यांवर निवांत बसलेला दिसेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली. तुमचा प्रोसेसर म्हातारा झालेला नाही, तो रांगेत उभा आहे.

कशाच्या रांगेत? हार्ड डिस्कमध्ये खरोखरच तबकड्या असतात. ग्रामोफोनसारख्या फिरतात, मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती तबकडीवर कुठेतरी असते. वाचणारी सुई आधी त्या वर्तुळापर्यंत सरकणार, मग ती जागा फिरत फिरत सुईखाली येण्याची वाट बघणार. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांवर थोडं लागतं, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट चार मिलिसेकंद, त्यात सुईच्या सरकण्याचे आठ-नऊ मिळवा. एका उचलीला बारा-तेरा मिलिसेकंद. सेकंदाला साधारण ऐंशी उचली, याहून जास्त नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली मागते, आणि त्या तबकडीभर विखुरलेल्या असतात. आता तुमच्या कुकरचा हिशेब लागला असेल.

हार्ड डिस्कच्या जागी आता एसएसडी नावाची चिपांची डिस्क मिळते, तीत फिरणारं काहीच नसतं. तिथे एका उचलीला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा लागतो, कधी त्याहून कमी. म्हणून बारा मिनिटांचं मशीन अर्ध्या-एक मिनिटात उभं राहतं. जुन्या कॉम्प्युटरवर करायचा एकच खर्च निवडा असं कोणी विचारलं, तर मी दुसरं काही सांगतच नाही.

त्याच्या जोडीला रॅम. ४ जीबीतली जवळपास निम्मी विंडोज १० स्वतःच खाते, उरलेल्यात ब्राउझरचे पाच-सहा टॅब आणि श्रीलिपी. जागा संपली की विंडोज रॅममधलं सामान उचलून हार्ड डिस्कवर ठेवते आणि लागेल तसं परत आणते. म्हणजे तोकड्या रॅमचा भारही शेवटी त्या बिचाऱ्या तबकडीवरच पडतो. आणखी ४ जीबी टाकून ८ करा. तुमच्या बोर्डाला दोनच खाचा आहेत, त्यांतली एक बहुतेक रिकामी असेल. १६ पर्यंत जाता येतं, तुमच्या कामाला गरज नाही.

बर्डीवर जाण्याआधी कागदावर हे लिहून घ्या. रॅम डीडीआर ३, १६०० ची, डेस्कटॉपची. लॅपटॉपची आखूड असते. मी स्वतः एकदा घाईत डीडीआर ४ घेऊन आलो होतो. घरी येऊन खाचेत दाबतोय, ती बसेना. आणखी जोर लावणार तेवढ्यात दिसलं की पट्टीतला कापच वेगळ्या जागी आहे. तो काप त्यासाठीच असतो, माझ्यासारख्यांसाठी. पुन्हा मेट्रोने सीताबर्डी. तेव्हापासून जुनी पट्टी काढून खिशातच घेऊन जातो आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघतो. तुम्हीही तेच करा. दुसरं, ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर ३ पट्ट्यांवर ‘फक्त एएमडीसाठी’ असं बारीक अक्षरात असतं. त्या तुमच्या इंटेल बोर्डावर चालणार नाहीत. डीडीआर ३ आता जुन्या मशीनमधून काढलेलीच जास्त मिळते. घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच लावून दाखवा म्हणा आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

एसएसडी साटावाली, अडीच इंची. एनव्हीएमई नावाची काडीसारखी येते, ती जास्त वेगवान म्हणून दुकानदार पुढे करतील, पण तुमच्या बोर्डावर तिला जागा नाही. आकार ५०० किंवा ५१२ जीबी घ्या, ४८० नको. तुमची जुनी डिस्क ५०० ची आहे आणि आपल्याला तिची हुबेहूब नक्कल काढायची आहे, ज्याला क्लोन म्हणतात. ४८० ची वाटी पाचशेच्या वाटीपेक्षा लहान. आधी जुन्या डिस्कचे भाग आकसून घ्यावे लागतात, मगच क्लोन बसतो. तो उपद्व्याप कशाला? कंपनी ओळखीची घ्या, वॉरंटी तीन वर्षं तरी असू द्या, आणि पक्कं बिल.

क्लोनच का, नवं विंडोज का नको? श्रीलिपीमुळे. कोरं विंडोज टाकलं की श्रीलिपी पुन्हा बसवावी लागणार. तिची सीडी सापडणार का, सीडी ड्राइव्ह चालतो का, लॉकचं ड्रायव्हर कुठून आणायचं, हे सगळं एका दमात अंगावर येईल. क्लोनमध्ये सगळं जिथल्या तिथे राहतं, फक्त खालची गाडी बदलते. पण त्याआधी तुमचं टायपिंगचं फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवा. आधी, नंतर नाही. बारा वर्षं फिरलेल्या तबकडीला अखेरचा मोठा प्रवास करायला लावतो आहोत आपण, आणि काही तबकड्या त्याच वाटेत जीव सोडतात. आणि डिस्क दुकानात ठेवून घरी येऊ नका. तीत लोकांचे प्रबंध आहेत, पत्रिकांवरचे पत्ते-फोन आहेत, यजमानांचं पासबुक स्कॅन करून ठेवलेलं असेल. तास-दीड तास लागेल, समोर बसा. जुनी डिस्क परत घेऊन या आणि सहा महिने कपाटात ठेवून द्या.

सेल, पेस्ट, एसएसडी, रॅम, मजुरी मिळून त्या ४२ हजारांच्या चौथ्या हिश्श्याच्या आत बसायला हवं. त्याहून जास्त कोणी सांगितलं तर दुसरं दुकान बघा. प्रोसेसर बदलू नका, ग्राफिक्स कार्ड तर मुळीच नको. पत्रिका छापायला कशाला हवं ते? झाकण उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचे ते छोटे डबे, कपॅसिटर, तेवढे बघून घ्या. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा वरून तपकिरी द्रव आलेली दिसली, तर मी वर सांगितलेलं सगळं विसरा. त्या मशीनवर पैसा घालू नका, तेव्हा दुकानदारांचं ऐका. मग कोटेशनमध्ये १६ जीबी रॅम आहे का आणि विंडोजचा परवाना वेगळ्या ओळीत लिहिला आहे का, हे दोन बघा.

आता विंडोज की लिनक्स.

दुकानदारांचं इथे खरं आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. तुमचा आय-थ्री ४१३० प्रोसेसर चौथ्या पिढीचा. पळवाटा आहेत, रुफससारख्या साधनाने ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येते आणि ती चालतेही. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलं आहे. ज्याला खुडबूड करायची हौस आहे त्याने करावं. तुमची त्याच्यावर रोजी आहे, तुम्ही करू नका. आणि कोणी ‘पाचशे रुपयांत ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणालं तर हात जोडा. ते ॲक्टिव्हेटर चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समजा. ज्या मशीनवर पेन्शनचं खातं उघडता, तिथे हे नको.

विंडोज १० चं काय? तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ती बंद पडली असं नाही, सुरक्षेतल्या नव्या सापडणाऱ्या भोकांना ठिगळं मिळणं थांबलं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि तुमच्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला तर वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. दिसली की करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे. ऑक्टोबरपर्यंतची सोय झाली.

पुढे काय, हे मशीनच्या वेगावर ठरत नाही. तुमच्या बाबतीत ते दोन गोष्टींनी आधीच ठरवून टाकलं आहे, श्रीलिपीने आणि प्रिंटरने. मुलाला हे सांगा. लिनक्स चांगली आहे, मी रोज तीच वापरतो. पण श्रीलिपी विंडोजचा प्रोग्रॅम. वाइन नावाच्या सोयीने काही विंडोज प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात, मात्र यूएसबी लॉक मागणारा प्रोग्रॅम त्या भरवशावर टाकायचा आणि उद्या प्रबंध द्यायचा आहे, हे मला झोप लागू देणार नाही. आणि एलबीपी २९००. अतिशय टिकाऊ प्रिंटर, अर्ध्या नागपूरच्या टायपिंगवाल्यांकडे हाच दिसतो. पण त्याची भाषा कॅननची स्वतःची आहे, कॅप्ट म्हणतात तिला. बरेचसे एचपीचे प्रिंटर लिनक्सला जोडले की ओळखले जातात, हा तसा नाही. त्याचं ड्रायव्हर वेगळं बसवावं लागतं, आणि बसवल्यावरही तो कधी छापतो, कधी रुसतो. पुण्याहून फोनवर मुलगा किती वेळा समजूत काढणार?

तेव्हा माझं म्हणणं असं. एकाच एसएसडीवर दोन्ही ठेवा. क्लोन करून आलेली विंडोज १० तुमच्या टायपिंगसाठी आणि छपाईसाठी. तिच्यावर बँक नाही, ईमेल नाही, ब्राउझर नाही. वाढीव मुदत संपली की तिला इंटरनेटच तोडून टाका, श्रीलिपीला नेट लागत नाही. आणि शेजारी शंभर जीबीच्या खोलीत लिनक्स मिंट. बँक, पेन्शन, व्हॉट्सॲप वेब, यूट्यूब, सगळं तिथे. मिंट ही लिनक्सचीच एक आवृत्ती, मोफत आहे, दिसायला जुन्या विंडोजसारखी, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, म्हणून यजमानांना वेगळं काही शिकावं लागणार नाही. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि तुमच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरबद्दल तिची काही तक्रार नाही. ८ जीबी रॅमवर नेहमीची सिनॅमन आवृत्ती घ्या. रॅम वाढवली नाहीत तर एक्सएफसीई, ती हलकी.

टाकण्याआधी चाखून बघता येते, ही मिंटची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. डाउनलोड तीन जीबीच्या आसपास. मुलाला सांगा, ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून पुढच्या खेपेला घेऊन ये. त्या पेन ड्राइव्हवरूनच कॉम्प्युटर सुरू होतो, डिस्कला हात न लावता. रविवारी दुपारी यजमानांना समोर बसवा, बँकेची साइट उघडायला सांगा, पेन्शनची पावती काढायला सांगा. नाही जमलं, नाही आवडलं, तर पेन ड्राइव्ह काढा, काही घडलंच नाही.

रोजच्या वापरात एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवणार, तो मिंटमध्ये उतरणार, आणि टायपिंग तर विंडोजमध्ये. मिंटला विंडोजचा भाग दिसतो, तिथे फाइल ठेवता येते. पण विंडोज बंद केली की ती पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीमुळे अर्धवट झोपते. मग मिंट त्या भागाला हात लावत नाही, नुसतं वाचू देते, लिहू देत नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये ते फास्ट स्टार्टअप बंद करून ठेवा. एसएसडी आल्यावर त्याची गरजही उरत नाही.

आणि हळूहळू, घाई नाही, नवी कामं युनिकोडमध्ये घ्यायला लागा. सरकारी कामाला आता तेच मागतात. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधली फाइल ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला नुसती खिचडी दिसते, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल, ‘ताई, फाइल उघडून नाही राहिली’. युनिकोडमधला मजकूर मोबाईलपासून मिंटपर्यंत सगळीकडे मराठीच दिसतो. पत्रिकांच्या नक्षीदार फाँटांना अजून श्रीलिपीच लागेल, लागू दे. पण प्रबंध आणि नोटिसा निघून गेल्या की तुमच्या विंडोजवर एकटा प्रिंटर उरेल, आणि तो कधीतरी बदलायचाच आहे. त्या वेळी लिनक्सवर सरळ चालणारा घ्या.

यजमानांच्या मोबाईलचं राहिलं. त्यांचं काम मोबाईलवर होत असेल तर होऊ द्या की, तेवढीच तुमच्या खुर्चीवरची गर्दी कमी. पण दीडशे पानांचा प्रबंध अंगठ्याने कोणी टाइप करत नाही.

मिंट टाकून झाल्यावर एखाद्या सकाळी विंडोजमध्ये घड्याळ पुन्हा चुकलेलं दिसेल, तेव्हा सेल काढायला धावू नका. फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे का ते आधी बघा. मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ आहे असं लिनक्स धरून चालते, आणि विंडोजला वाटतं तिथे आपलीच वेळ आहे. मुलाला फोन करून एवढंच सांगा, ‘मिंटचं घड्याळ लोकल टाइमवर कर.’ एका ओळीची आज्ञा आहे, त्याला ठाऊक असेल. सेल नवाच आहे.